रजईखालचे दोनशे तास

दारावर दोन ठोके पडले तेव्हा तो भाजीची पिशवी ओट्यावर ठेवत होता. जवळजवळचे, कोरडे, न रागावता मारलेले दोन ठोके. दार त्याने मिनिटभरापूर्वीच लावून घेतलं होतं. कोणीतरी मागोमाग जिना चढून आलं असणार, असं समजून त्याने पिशवी तशीच कलती सोडली आणि जाऊन दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. समोरच्या बिऱ्हाडाला कुलूप होतं, खालून कोणाची पावलं वाजत नव्हती, आणि वर पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतंच. तो दार लावून परत आला. ओट्यावरून दोन टोमॅटो घरंगळून खाली पडले होते; ते उचलायला तो वाकला आणि पुन्हा ठोके पडले. दोन. या वेळी त्याला दिशा कळली, कारण दिशा कळणं हा त्याचा चौतीस वर्षांचा धंदा होता. आवाज दारातून आला नव्हता. तो बैठकीच्या खोलीतून आला होता, जिथे कोणी नव्हतं, आणि नीट सांगायचं तर त्या खोलीच्या मधोमध पांघरलेल्या रजईखालून आला होता. दोन्ही हातांत दोन टोमॅटो घेऊन तो उंबऱ्याशी उभा राहिला आणि तिसऱ्यांदा काही होतं का याची वाट पाहू लागला.

रजईखाली दोन स्पीकर होते, एकमेकांकडे तोंड करून उभे केलेले. चार दिवसांपूर्वी, गुरुवारी, हमालांनी ते तीन मजले वर चढवले होते; एकेक खोका माणसाच्या छातीइतका उंच आणि भरल्या कपाटासारखा जड. त्यांच्याबरोबर दुकानातला जोडणी करणारा आला होता. पन्नाशीचा, पायमोजेसुद्धा स्वच्छ असलेला माणूस, आणि स्पीकरबद्दल बोलताना बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसा आवाज खाली आणणारा. त्याने खाली पितळी टोकदार पाय बसवले, पातळी तपासायला पाणसळ लावून पाहिली, भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजलं, एक स्पीकर बोटभर पुढे ओढला, दुसरा अर्धं बोट मागे सारला, खोलीभर फिरून टाळ्या वाजवल्या, खिडक्यांचे पडदे जाड आहेत म्हणून मान डोलावली आणि एकच खुर्ची बरोबर मध्ये ठेवून तिच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. ऐकायचं ते इथे बसून, म्हणाला. इथून वीतभर हललं तरी मजा गेली. पण आता नाही. स्पीकरच्या आतले पडदे नवे असतात तोवर ताठ असतात, पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे. दोनशे तास काही ना काही वाजत ठेवायचं, मग ते सैल होतात आणि खरं बोलायला लागतात. तोवर मत बनवायचं नाही. खालच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात आणि त्यांना दुपारची झोप लागते, हे कळल्यावर त्यानेच ही युक्ती केली. दोघांची तोंडं समोरासमोर केली, एकाची वायर उलटी जोडली, लाल जागी काळी आणि काळ्या जागी लाल. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, दोघांचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. वरून रजई टाकायची. आवाज मरतो, पण व्यायाम होत राहतो. जाताना बूट घालता घालता तो म्हणाला, वायर सरळ करायला तेवढी विसरू नका, सगळे विसरतात. हे आपल्यासारख्याला सांगावं याचा ऐकणाऱ्याला थोडा रागच आला होता.

कारण ज्या स्टुडिओत त्याची नोकरी झाली तिथे त्याला सगळे केरसुणी म्हणत. बोलपटांचे, जाहिरातींचे, भाषणांचे, कोणाचेही आवाज त्याच्याकडे यायचे आणि तो त्यातला केर काढून द्यायचा. श्वास, ओठ सुटल्याची चटचट, घशातली खरखर, पान उलटल्याचा आवाज, पोटातली गुरगुर, खुर्चीची कुरकुर, लांबून गेलेली मोटार. माणूस बोलत असतो तेव्हा त्याच्याभोवती केवढा पसारा सांडलेला असतो, हे तोच जाणे. तो सगळा उचलला की उरायचा तो आवाज, धुतलेल्या पेल्यासारखा. नव्या लोकांना तो सांगायचा, ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की बोलणारा जन्मात कधी श्वास घेत नाही. आणि घरी बायकोच्या आवाजाचंही त्याने तेच केलं होतं. ती अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचायची. शाळेत शिकवून आली की चहा घेऊन याच खोलीत, भिंतीलगतच्या टेबलाशी बसायची, समोर माइक, डाव्या हाताला तो. एकोणीस वर्षांत एक्केचाळीस पुस्तकं झाली. पहिल्या पुस्तकाला तो तिला चूक झाली की थांबवायचा, म्हणायचा, अगं थांब, परत घे. तिसऱ्या दिवशी तिने पुस्तक मिटलं होतं. म्हणाली होती, "तुम्ही बोलू नका. नुसतं ठोका. बोललात की मला राग येतो, ठोकलंत की चूक दिसते." तेव्हापासून त्याच्या हातात पेन्सिल आली. टेबलावर पेन्सिलीचे दोन ठोके म्हणजे ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा. ती डोकं वर न करता मागे जायची, पुन्हा वाचायची, आणि नंतर तो चुकलेलं वाक्य आणि ठोके दोन्ही कापून टाकायचा. एक्केचाळीस पुस्तकांत मिळून एकही ठोका कोणी ऐकलेला नव्हता.

म्हणून टोमॅटो हातात घेऊन उभं असताना त्याने तिसरे ठोके ऐकले आणि ते पेन्सिलीचे आहेत हे त्याला लगेच कळलं, आणि तरी पाच मिनिटं त्याने ते स्वतःला कळू दिलं नाही. आधी स्पीकरचा पडदा फाटला असेल असं म्हणून पाहिलं. मग भिंतीतला पाण्याचा नळ. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली आणि ते मनगटावरच्या घड्याळापेक्षा वीस मिनिटं मागे दिसलं. ते विजेवर चालायचं. म्हणजे तो मंडईत असताना वीज जाऊन आली होती. वीज आली की स्पीकरला जोडलेलं वाजवण्याचं यंत्र स्वतःच्या मनाने डिस्कवर जे पहिलं सापडेल ते सुरू करतं. त्याने लावून ठेवली होती एकसुरी फसफस, नळ सोडल्यासारखी, जिला अर्थ नाही आणि जी दोनशे तास वाजली तरी कोणाचं काही जात नाही. त्याच डिस्कवर बेचाळिसावं पुस्तक होतं. न झालेलं. ती गेल्यापासूनच्या तीन वर्षांत त्याने ते उघडलं नव्हतं, आणि खरं तर स्पीकर घेतले होते तेच मुळी ते उघडण्यासाठी. दोनशे तास झाले, पडदे सैल पडले, की त्या खुर्चीत बसून तो ते पहिल्यांदा लावणार होता. नव्या ताठ पडद्यांवर तिचा आवाज वाया घालवायचा नाही, हे त्याने पक्कं ठरवलं होतं, आणि यंत्राने ते न विचारता सुरू केलं होतं.

तो रजईजवळ गेला, गुडघे टेकून कान लावला. तिचा आवाज नव्हता. तिचा आवाज तिथे होता आणि नव्हता. शेवटच्या पुस्तकाच्या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता म्हणून त्याने एकाऐवजी दोन माइक लावले होते. ती बरोबर मध्ये बसायची, दोन्ही माइकांत सारखी पडायची, आणि जे दोन्हीकडे सारखं ते आता रजईखाली एकमेकांना खाऊन टाकत होतं. उरत होतं ते फक्त कडेचं. उजवीकडे ठेवलेला पाण्याचा पेला, उलटलेलं पान. तिच्या खुर्चीचा उजवा पाय. मध्येच एखादा स किंवा श, शेजारच्या खोलीत कोणी कोणाला गप्प करावं तसा. आणि डावीकडून तो स्वतः. त्याच्या बाहीचा टेबलाला घासल्याचा आवाज, त्याने नाकातून सोडलेली वैतागलेली फुंकर, आणि पेन्सिल. टक टक. पेला उचलला, ठेवला. स, श, काहीच नाही. टक टक. खुर्ची कुरकुरली. टक टक. ज्या बाईला ऐकण्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती तेवढी गायब, आणि जो ऐकणार तोच आत कोंडलेला. यंत्राचं बटण हाताच्या अंतरावर होतं. ते त्याने दाबलं नाही. दोनशे तास पुरे व्हायचे आहेत, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि हे कारण किती लंगडं आहे तेही त्याला तिथल्या तिथे कळलं.

पुढचे तीन दिवस तो त्या घरात त्या ठोक्यांबरोबर राहिला. सोमवार, मंगळवार, बुधवार. सुरुवातीच्या फायलींत ठोके बरे होते, पानाला एखाद्या वेळी. तिला नुकताच दम लागायला लागला होता तेव्हा. डॉक्टरांनी छातीच्या फोटोवर बोट ठेवून काय ते सांगितलं होतं आणि घरी आल्यावर तिने सहाशे पानांची एक जाडजूड कादंबरी काढून टेबलावर ठेवली होती, नकाशे काढणाऱ्या एका माणसाची. एवढी होईल म्हणाली. त्यानेही होईल म्हटलं. मंगळवारपर्यंत ठोके पानाला चार-पाचदा पडू लागले. तो भांडी घासत असताना ठोके पडले की त्याचा हात थांबायचा आणि घासलेलं ताट तो पुन्हा घासायला घ्यायचा. पेपर वाचताना ठोके पडले की डोळे आपोआप ओळीच्या सुरुवातीला जायचे. दाढी करताना त्याने एकच गाल तीनदा खरवडला. आपण असं करतोय हे त्याला बुधवारी सकाळी, शर्टाची बटणं चौथ्यांदा पहिल्यापासून लावताना समजलं, आणि तो पलंगावर बसून राहिला. ठोके ऐकताना तिला काय वाटत असेल हे असं आयतं कळणं बरं नव्हतं. त्याच्या आठवणीत तो असा नव्हता. आठवणीतल्या त्या चार महिन्यांत तो पाणी आणून देणारा, उशी सरकवणारा, आज पुरे म्हणणारा माणूस होता. पाणी त्याने आणून दिलंही असेल. पण पाणी आणून देण्याचा आवाज येत नाही, आणि पेन्सिलीचा येतो. बुधवारी दुपारी एका पानाला अकरा वेळा ठोके पडलेले त्याने मोजले. एकाच वाक्याला सहा वेळा, कारण दर खेपेला तोच स आणि तोच श परत येत होता. सहा वेळा त्या बाईने, जिला पलंगापासून टेबलापर्यंत यायला भिंत धरावी लागत होती, ते एक वाक्य पहिल्यापासून वाचलं होतं, आणि ते वाक्य कोणतं हेही रजईबाहेर ऐकू येत नव्हतं.

एकच आधार होता आणि तो त्याने तीन वर्षं जपला होता. शेवटच्या दिवशी त्याने एकदाही ठोकलं नव्हतं. त्या दिवशी ती बसली तेव्हा तिच्या ओठांचा रंग पाहून त्याने पेन्सिल खिशात घातली होती. अकरा पानं वाचली तिने. चुकली, अडखळली, ओळी गाळल्या, एका ठिकाणी नायकाचं नाव दुसऱ्यालाच देऊन बसली, आणि तो हाताची घडी घालून ऐकत राहिला. त्यानंतर ती टेबलाशी आली नाही. नऊ दिवसांनी गेली. भेटायला आलेल्यांना, तिच्या बहिणीला, शाळेतल्या बायकांना त्याने हे सांगितलं होतं, की शेवटी मी तिला काही म्हटलं नाही, जसं जमेल तसं वाचू दिलं. सांगताना त्याचा आवाज दाटायचा आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. मुलगीच तेवढी उठून आत जायची. गुरुवारी दुपारी शेवटची फाईल आली तेव्हा तो जेवण टाकून रजईजवळ येऊन बसला. पाऊण तास. एकही ठोका नाही. पेला, खुर्ची, एखादा श, मग मोठी पोकळी, मग खुर्ची, मग पुन्हा पुढे. पोकळ्या बऱ्याच होत्या. दम खात असेल. फाईल संपली, फसफस पुन्हा सुरू झाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला. एवढं तरी आपण बरं केलं.

मुलगी रविवारी येणार होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना अंधारात बसवून, काच बदलून विचारायची, आता बरं दिसतंय की मघाशी. आईच्या त्या चार महिन्यांत तिने रजा काढली होती आणि शेजारच्या खोलीत राहिली होती. तेव्हापासून ती यायची, औषधांचे डबे भरून द्यायची, पंखे पुसायची, पण या खोलीत बसायची नाही. आईचा आवाज लावू का म्हटलं की आज नको म्हणायची. तीन वर्षं आज नको. ती मनातून आपल्याला कशाचा तरी दोष देते आहे हे त्याला ठाऊक होतं आणि काय ते विचारायची त्याची छाती नव्हती. स्पीकर आले तेव्हा त्याने फोनवर सांगितलं की यावर आई समोर बसून वाचल्यासारखी ऐकू येईल, तू आणि मी, एकदाच. बऱ्याच वेळाने ती रविवारी येते म्हणाली. त्याला दुसरं काही नको होतं. त्या खुर्चीत मुलीने बसावं, आईने वाचावं, आणि मधलं हे जे काय साचलं आहे ते निघून जावं. आणि आता तिला ऐकवायचं काय, तर आई सहा वेळा तेच वाक्य वाचते आहे आणि बाप ठोकतो आहे.

तेव्हा शनिवारी सकाळी केरसुणीने केरसुणी हातात घेतली. दुसरं काय करणार होता. रजई काढली, घडी केली, यंत्राशी बसून पहिलं प्रकरण उघडलं आणि लहान हेडफोन कानाला लावून कापायला बसला. हात काही विसरलेले नव्हते. ठोका, त्याच्या आधीचं चुकलेलं वाक्य, त्याच्या आधीचा श्वास, मध्ये घेतलेलं पाणी, सगळं उचललं. दोन वाक्यांमधला सांधा असा जुळवला की तिचा तिला सापडला नसता. संध्याकाळपर्यंत एक प्रकरण स्वच्छ झालं. ऐकून पाहिलं. एक बाई वाचत होती, न थकता, न चुकता, श्वासही न घेता, आणि तिच्याजवळ कोणी बसलेलं नव्हतं. चांगलं झालं होतं. त्याच्या अंगावर काटा आला, पण तो रजईशिवाय खोली गार पडल्यामुळे, असं त्याने म्हटलं. मग त्याने स्पीकर वळवले, टेपने अंतर मोजलं, पाणसळ लावली, तोंडं खुर्चीकडे किंचित तिरपी केली, चिकटपट्टीवर खुर्चीचे पाय आणले, आणि दमून गेला.

रविवारी मुलगी अकरा वाजता आली. आधी स्वयंपाकघरात गेली, औषधांचे डबे पाहिले, मग ओले हात ओढणीला पुसत येऊन खुर्चीच्या अगदी काठावर बसली, दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहावी तशी. त्याने बटण दाबलं. आवाज आला आणि दोघंही एकमेकांकडे बघायला लागली. तिचाच आवाज होता. पण तो समोर नव्हता. तो कानांच्या मागे होता, खिडकीच्या पडद्यांत होता, छताशी होता, पातळ, बूड नसलेला, आणि जिकडे मान वळवावी तिकडून जरा दूर सरकणारा. त्याला वाटलं कान गेले. मग वाटलं, आपण तिचा जो जो श्वास उपटून काढला त्याच्याबरोबर तिचं वजनच गेलं, आणि आता ती घरभर अशीच फिरणार. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आई सगळीकडे आहे, पण कुठेच नाही." ते ऐकलं आणि त्याच्यातला कारागीर जागा झाला. त्याने जीभ चावली. वायर. टेप लावली, पाणसळ लावली, आणि वायर उलटीच राहिली होती. चौतीस वर्षं झाल्यावर हे. तो उजव्या स्पीकरच्या मागे गुडघ्यांवर बसला, लाल लालला आणि काळी काळ्याला जोडली. तेवढ्या एका मिनिटात मुलगी त्याच्या पाठीकडे बघते आहे हे त्याला कळत होतं.

पुन्हा लावलं आणि वाचणारी येऊन बसली. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जिथे टेबल असायचं तिथे, टेबलाशी बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. स्पीकर नाहीसेच झाले. मुलीने हात पुढे करायला उचलला आणि मांडीवर परत ठेवला. तो डाव्या स्पीकरपाशी भिंतीला टेकून उभा होता आणि आवाजाकडे न बघता मुलीकडे बघत होता. एक पान झालं, दोन झाली. तिचे डोळे मिटलेले, पण चेहरा सैल होत नव्हता; ती कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी दिसत होती. तिसऱ्या पानाला तिने डोळे उघडले. "ठोके कुठे गेले?"

त्याला कळलं नाही असं त्याने दाखवलं. मग म्हणाला, काढले. तुला त्रास नको म्हणून. तिने त्याला आवाज थांबवायला सांगितलं. मग ती बोलली, तीन वर्षांत बोलली नव्हती एवढं, खुर्चीच्या हातावर बोटाने रेघा ओढत. शेजारच्या खोलीत आईचं वाचणं ऐकू यायचं नाही. भिंतीतून यायचे ते फक्त ठोके, टेबल भिंतीला लागून होतं म्हणून. पहिला महिनाभर तिला वाटायचं की जाऊन ती पेन्सिल मोडून टाकावी. एकदा आईचे केस विंचरताना तिने तसं म्हटलंही, की बाबांना काही कळत नाही का, मी सांगू का. "आई मलाच रागावली. म्हणाली, ठोकू देत त्यांना. ठोकतात तोवर मी वाचणारी आहे, नुसती आजारी नाही." मग तीही ठोक्यांकडे कान लावून बसायला लागली. ठोका पडला की आई अजून टेबलाशी आहे, पुढचं वाक्य आहे. तेच ऐकायला ती आज आली होती. तिच्या मोबाईलमध्ये आईची सगळी पुस्तकं आहेत, दुकानातून येता-जाता ती ऐकते. पण त्यांत ठोके नाहीत, आणि ठोक्यांशिवाय ती आई तिला ओळखीची वाटत नाही.

एवढे दिवस कोंडलेलं काहीतरी सुटलं, आणि सुटलं म्हणून तो घाईने बोलून गेला. म्हणाला की तरी शेवटच्या दिवशी मी एकदाही ठोकलं नाही गं, अकरा पानं. जसं वाचेल तसं वाचू दिलं.

मुलीने नेहमीसारखं उठून आत जायला खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आणि मग जोर सोडला. "ते मला माहितेय बाबा," ती म्हणाली. "मी सांगणार नव्हते. तुम्ही ठोके काढून टाकलेत म्हणून सांगते. त्या दिवशी मी तिला धरून पलंगावर नेलं. म्हणाली, आज तुझ्या बाबांनी एकदाही ठोकलं नाही. मी म्हटलं, बरं झालं, दमली नाहीस. तर म्हणाली, आज मी किती वाईट वाचलं, माझं मला कळत होतं. त्यांनी चालवून घेतलं. म्हणजे झालंच आता." तिने एवढं सांगितलं आणि ओढणीचं टोक तोंडाला लावलं. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, बसतेस का. तर नको म्हणाली. तुम्हाला वाटलं दमलीय."

खिडकीबाहेर कोणीतरी मोटार मागे घेत होतं. तिची पींपीं बराच वेळ चालली होती. त्याने ती पूर्ण ऐकली. मग यंत्राशी गेला आणि शेवटची फाईल शोधली, जिला त्याने हात लावला नव्हता, कारण तिच्यात काढण्यासारखं काही नाही असं त्याला वाटत होतं. लावली आणि परत डाव्या भिंतीशी येऊन उभा राहिला. ती आली, मध्ये, पण आता श्वासासकट, ओठांसकट, छातीतल्या त्या शिट्टीसकट. हे स्पीकर खरंच खरं बोलत होते. तिसऱ्याच वाक्याला ती चुकली. शब्द गाळला, वाक्याचा अर्थ उलटा झाला. आणि थांबली. गुरुवारी रजईखाली ही पोकळी त्याने दम खाणं समजून सोडून दिली होती. आता ती पोकळी समोर होती आणि तिच्यात दम खाण्याचा आवाज नव्हता. तिने श्वास रोखून धरला होता. मग कापडाची बारीकशी सळसळ झाली, आणि ती सळसळ मधून निघून डावीकडे सरकली, त्याच्या दिशेने. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं होतं. त्या वेळी तो कुठे बघत होता ते त्याला आठवेना. हाताची घडी घालून बहुधा खिडकीकडे. एक, दोन, तीन सेकंद. मग सळसळ परत मध्ये गेली, खुर्ची कुरकुरली, आणि ती पुढचं वाक्य वाचायला लागली. अर्ध्या पानानंतर पुन्हा चुकली, पुन्हा थांबली, पुन्हा वळली. प्रत्येक चुकीला. अकरा पानं ती त्याच्याकडे वळून बघत राहिली होती, आणि त्याने ते चांगुलपणा म्हणून तीन वर्षं लोकांना सांगितलं होतं.

यंत्राशेजारी पेन्सिल होती. त्याने ती घेतली. मुलगी बघत होती. नायकाचं नाव जिथे तिने दुसऱ्यालाच दिलं ते वाक्य आलं, संपलं, आणि ती थांबली. सळसळ त्याच्या बाजूला आली. त्याने पुढे होऊन मुलीच्या खुर्चीच्या लाकडी हातावर दोन ठोके मारले, जवळजवळचे, जसे मारायचा तसे. आवाज खोलीत स्वच्छ वाजला. ती जेवढी थांबली होती तेवढीच थांबली, आणि मग पुढचं वाक्य वाचायला लागली.